आक्कांचे उपास आणि निलंग्याचा डबा

आमच्या गल्लीत कुरिअरवाल्याची गाडी येऊन गेली की थोड्या वेळाने कोणीतरी माझ्याकडे डबा घेऊन येतं. पुण्याच्या सुनेने पाठवलेली गुळपोळी, हैदराबादच्या लेकीने पाठवलेलं लोणचं, कुणाच्या चुलतभावाने सोलापूरहून धाडलेली चटणी, सगळं आधी माझ्या नाकाखालून जातं. "काकू, बघा बरं, खायचं का टाकायचं?" मी बघते आणि सांगते. मला फार विचार करावा लागत नाही, आणि एकदा सांगितलं की मी शब्द बदलत नाही. मुखेडचं गाव सोडून नांदेडला आल्यापासून भिशी, भजनी मंडळ, रांगोळीचा वर्ग असं काही मला जमलं नाही. पण या एका कामात गल्लीत मला तोड नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेपर्यंत वाट बघायचा माझा स्वभाव नाही.

लोकांची चूक एकच होते. डबा उघडला की लगेच त्यात नाक घालतात. पहिला वास जिन्नसाचा नसतोच. तो पुठ्ठ्याचा, प्लॅस्टिकचा, गाडीत शेजारी ठेवलेल्या कुणाच्या तरी सामानाचा असतो. झाकण काढून बाजूला ठेवायचं, चहाचं आधण चढवायचं आणि मग यायचं. आधी झाकण आतून बघायचं. तिथे पाण्याचे थेंब दिसले की समजायचं, बाईने गरम गरम भरलंय. वरच्या थरावर तर कधीच जायचं नाही. तळातला लाडू काढून फोडायचा, एकमेकींना चिकटलेल्या पोळ्या सोडवून बघायच्या. कोरडी चटणी, भाजलेलं पीठ, गुळाचा लाडू हे जिन्नस दमाने प्रवास करतात. दूध, खवा, ओलं खोबरं, शिजवलेली डाळ यांचा मात्र भरवसा नाही. ते वाटेत रखडले असतील तर वास चांगला आला तरी मी टाका म्हणते, कारण बिघडलेलं सगळंच काही नाकाला कळत नाही. आणि शंका असेल तर चाखून बघायचं नाही. "जरासं जिभेवर ठेवते" म्हणणाऱ्या बायकांवर मी ओरडते. वरची बुरशी काढून खालचं खाणाऱ्यांवर तर जास्तच. चार लाडवांसाठी दवाखान्याची पायरी कशाला चढायची?

हे झालं गल्लीचं. घरच्या डब्याची गोष्ट मात्र निराळी निघाली.

माझ्या मुलाने त्याच्याच बँकेतल्या मुलीशी लग्न केलं. तिचं माहेर निलंग्याचं. आम्ही शेतीवाडीवाले, तिच्या घरचे बौद्ध. वडील तहसीलमधून निवृत्त झालेले, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या मालकांनी "पोरगा खूश हाय ना, मंग झालं" एवढंच म्हटलं आणि ते परत शेताकडे निघून गेले. ते बहुतेक तिकडेच असतात. मलाही मुलगी आवडली. सरळ बोलणारी आहे, आणि सरळ बोलणाऱ्या माणसाशी माझं पटतं.

प्रश्न आक्कांचा होता. आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा झाल्या, तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली, माझा मुलगा त्यांच्या मांडीवर वाढला. त्यांनी लग्नाला विरोध केला नाही. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त सुनेच्या माहेरचं काही घरात आलं की त्यांना उपास असायचा.

सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा हे आधीपासून होतेच. मग मंगळवारी देवी आली, शुक्रवारी संतोषीमाता आली. रविवारी कुरिअर येत नाही, बुधवार तेवढा मोकळा होता, तिथे त्यांनी पांडुरंगाला बसवलं. कुरिअरवाल्याने घंटी वाजवली की आक्कांचा देव जागा व्हायचा. एरवी त्याच वारी दुपारी वरणभात जेवलेल्या बाईला मी काय म्हणणार? मी हसायचे. सून हसायची नाही.

तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद सांगितला. बँक बंद, जिने बंद, बराचसा वेळ पलंगावर. निलंग्याला जायचा प्रश्नच नव्हता. तिच्या आईची शाळा चालू, वर्गात परीक्षा, रजा मिळेना. म्हणून त्या बाईंनी डबे पाठवायला सुरुवात केली. शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या वड्या, ज्वारीच्या पिठाच्या कडक पुऱ्या. प्रत्येक जिन्नस वेगळ्या पिशवीत, पिशवीवर पेनाने नाव. शिक्षिकेचं अक्षर, वेलांटी कुठे चुकलेली नाही. मी उघडून बघायचे, चांगलं असायचं, मी, मुलगा आणि सून खायचो. आक्कांची वाटी तशीच भरलेली राहायची आणि संध्याकाळी मीच ती पुन्हा डब्यात ओतायचे.

एकदा असंच ओतताना सुनेने बघितलं. ती पलंगावरून म्हणाली, "आई, एक विचारू? माझं बाळ पण आक्कांच्याच मांडीवर वाढणार ना?"

"मग? त्याशिवाय कुठं?" मी म्हटलं.

"मग माझ्या मम्मीच्या हातचं खायला दिलं की बाळाला पण उपास सांगतील का त्या?"

मी तिला उगाच पाणी दिलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आम्ही मोठी माणसं काय, एकमेकांना चुकवून जगू शकतो. लेकराला मात्र घरात सगळ्यात आधी हेच कळतं, की कुणाचं खायचं आणि कुणाचं नाही. ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या नातवंडाला ते माझ्या घरात कळू नये, एवढंच मला तेव्हापासून हवं होतं.

उपासांचं निलंग्याला कसं कळलं मला ठाऊक नाही. मुलीने आईला सांगितलंच असणार. मार्चमधल्या एका शनिवारी खोकं आलं. बँकेला सुट्टी होती, मुलगा घरीच होता. बुधवारी टाकलेलं खोकं गुरुवारी यायचं, ते लातूरला अडकून शनिवारी आलं होतं. मी ते ओट्यावर ठेवलं. आक्का लसूण सोलत खाली बसल्या होत्या.

"आज शनवार हाय माझा," त्या खोक्याकडे न बघता म्हणाल्या.

सून भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती. म्हणाली, "हाव आक्का, माहीत हाय. म्हणूनच मम्मीनं राजगिऱ्याचे लाडू पाठवलेत. उपासाला चालतात."

आक्कांचा हात लसणावर थांबला. त्या बाईंनी बिचाऱ्या आक्कांना पळायला वाटच ठेवली नव्हती. सगळे वार एका लाडवाने बंद केले होते. मला हसू आवरेना. आक्कांनी मान वर केली, नाक आक्रसलं आणि म्हणाल्या, "मला तं वास येऊन राहिला. उन्हातान्हातून आलंय. टाकून द्या समदं."

खोक्याची चिकटपट्टीसुद्धा अजून कापलेली नव्हती.

इथे मला राग आला. उपास मी सहन केले, देव मी सहन केले. पण वास? वास हा माझा प्रांत. कुणी यावं आणि बंद खोक्याला वास येतो म्हणावं, ते माझ्यासमोर? मी सुरी घेतली आणि म्हटलं, "हातच्या काकणाला आरसा कशाला? बघूच."

वर चटणीची पिशवी होती. उघडली, चिमटीत चोळली. तेल सुटलेलं नाही, दाणा खमंग. बाजूला ठेवली. मग लाडवांचा डबा. झाकण आतून कोरडं ठक्क. तळातला एक काढून फोडला. राजगिरा कुरकुरीत, गुळाचा वास स्वच्छ. मी तिथेच उभ्या उभ्या अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा ताटलीत घालून आक्कांपुढे ठेवला. "फर्स्टक्लास," मी म्हटलं. सुनेचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, संपलं, जिंकलो.

तळाशी आणखी एक डबा होता, चांदीच्या कागदात गुंडाळलेला. सून म्हणाली, "खव्याच्या पोळ्या! मी फोनवर सहज बोलले होते, खाव्या वाटतात म्हणून." तिने हातच पुढे केला.

मी झाकण काढलं. झाकणाला आतून घाम. पोळ्या एकमेकींना धरून बसलेल्या. वरची सोडवली तर मधून बारीक तार सुटली. आंबूस, दमट वास. त्या वासाबद्दल दोन मतं होणं शक्य नव्हतं. गल्लीतल्या कुणाचा डबा असता तर मी क्षणात "टाका" म्हटलं असतं आणि पुढच्या बाईकडे वळले असते.

आक्का माझ्याकडे बघत होत्या. सून माझ्याकडे बघत होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातचं आमच्या घरांनी कारणं सांगून बाजूला ठेवलं, त्यांच्या डब्याला मी आता खराब म्हणायचं होतं, आणि तेही ज्या बाईने न उघडताच खराब म्हटलं होतं तिच्यासमोर. मी खरं बोलले तर आक्का खऱ्या ठरत होत्या. आणि पोटुशा पोरीला आंबलेला खवा खाऊ घालणं तर या जन्मात माझ्याच्याने झालं नसतं.

"खराब आहेत," मी म्हटलं.

सुनेचे डोळे भरले. "चांगल्या असतील आई. द्या मला. माझ्या मम्मीनं केल्यात, मी खाते." तिने खरंच एक पोळी उचलली. ती भुकेने उचललेली नव्हती, हट्टाने उचललेली होती. मी तिचं मनगट धरलं. जोरातच धरलं असेल, कारण मुलगा "आई!" म्हणून ओरडला.

"खाऊ नको. वास घे," मी म्हटलं. "माझ्यावर इश्वास ठेवू नको. तुझं नाक आता माझ्यापेक्षा तेज हाय. घे वास."

तिने पोळी नाकाशी नेली आणि झटक्याने मान फिरवली. पोळी ओट्यावर पडली. मुलाने तिला खुर्चीवर बसवलं. ती रडत म्हणाली, "आता यांना बरं झालं. आता प्रत्येक डब्याला हेच म्हणतील."

आक्कांनी ते खोडलं नाही. मी ताटलीतला अर्धा लाडू एका हातात घेतला, ती पोळी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्यासमोर बसले. "आक्का, हे दोन्ही एकाच बाईनं केलंय, एकाच हातानं. हे खराब हाय, मी टाकून देऊन राहिले. हे चांगलं हाय, मी खाल्लं. वास जिन्नसाला येतो. माणसाला येत न्हाई. पटत असलं तं खा, नसलं तं तसं सांगा. पण देवाला मधी घालू नका."

आक्कांनी लाडू घेतला नाही. "दात दुखतो," म्हणाल्या आणि लसणाचं ताट घेऊन मागच्या ओसरीत गेल्या. निदान मारुती तरी सुटला.

पोळ्या मी कचऱ्यात टाकल्या. मग मुलगा माझ्यामागे आला आणि हळूच म्हणाला, "आई, त्यांना फोनवर काही सांगू नको. छान होत्या म्हण. एवढ्या हौसेनं केल्यात, वाईट वाटंल त्यांना. त्यात आपण..." तो थांबला. आपण कोण, हे त्याला बोलवेना.

मलाही क्षणभर तेच बरं वाटलं. गोड बोलायला काय जातं? पण मग त्या पुढच्या वेळी पुन्हा खव्याच्या पोळ्या पाठवतील, पुन्हा गरम भरतील, मी पुन्हा टाकेन आणि पुन्हा छान म्हणेन. माझ्या सख्ख्या बहिणीने असा डबा पाठवला असता तर मी तिला फोनवर फैलावर घेतलं असतं. या बाईंशी तेवढं गोड बोलायचं म्हणजे त्यांना दारातच उभं करण्यासारखं होतं. मी सुनेच्या पलंगाशेजारी बसले आणि तिच्याच फोनवरून तिच्या आईला फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"विहीणबाई, लाडू एक नंबर. चटणी एक नंबर. खव्याच्या पोळ्या खराब झाल्या. तार सुटली होती, मी टाकून दिल्या. लेकीला तुकडासुदीक खाऊ दिला न्हाई."

पलीकडून आलं, "टाकल्या?"

"टाकल्या. तुम्ही गरम भरल्या व्हत्या. झाकणाला आतून घाम व्हता. आणि मार्चच्या उन्हात खवा कोण पाठवतं हो कुरिअरनं? शाळेत लेकरांना असंच शिकवता का?"

मुलाने कपाळाला हात लावला. मलाही वाटलं, शाळेचं जरा जास्तच झालं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

"ताई, खरंच खराब झाल्या होत्या का?" त्यांनी सावकाश विचारलं. एवढंच विचारलं, पण त्या कशाबद्दल विचारत होत्या ते मला बरोबर कळलं. त्यांचा प्रश्न खव्याबद्दल नव्हता.

मी उत्तर द्यायच्या आत सून उठून बसली. "हाव मम्मी, मी स्वतः वास घेतला. लई घाण वास येत होता गं." आणि एवढं रडलेली ती पोरगी एकदम हसायला लागली. पलीकडून तिची आईही हसली. मोकळं हसली. मी लगेच पुढच्या वेळी पोळ्या कशा निवू द्यायच्या ते सांगायला लागले.

"ताई, आता मी एक बोलू?" त्यांनी मला मध्येच थांबवलं. "राग येणार नसेल तर."

"बोला की."

"दिवाळीला तुमच्याकडून करंज्या आल्या होत्या. सारणातलं खोबरं खवट होतं."

फराळ मीच पाठवला होता, लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणून हौसेने. पण त्याचा वास घेतल्याचं मला काही केल्या आठवेना. घ्यायचा कशाला, घरचंच तर होतं. अख्ख्या गल्लीचे डबे हुंगणाऱ्या बाईने स्वतःचा डबा न हुंगताच पट्टी लावून पाठवला होता. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय!

"मग तेव्हा सांगितलं का न्हाई?" माझा आवाज उतरला होता.

"कसं सांगायचं ताई? तुमच्या डब्याला आम्ही नावं ठेवायची?"

"टाकल्या ना पण?"

"नाही हो. खाल्ल्या. हे म्हणाले, त्यांच्या घरून पहिल्यांदाच काहीतरी आलंय, टाकायचं नाही. दोघांनी चहाबरोबर खाल्ल्या, संपेपर्यंत."

लाज वाटली, खूप लाज वाटली. आमच्या घरात चांगला लाडू ताटलीत तसाच पडून होता, आणि त्यांच्या घरात खवट करंजी संपली होती. मी कसंबसं म्हटलं, "पुन्हा असं करू नका. फेकून द्या आणि मला फोन करून शिव्या द्या." त्या म्हणाल्या, "शिव्या नाही, पण सांगेन." फोन चालूच होता. माय-लेकी बोलत बसल्या आणि मी उठून ओसरीत गेले.

आक्का तिथेच होत्या. लसूण कधीच सोलून झाला होता. मधलं दार उघडं होतं, त्यामुळे मला काही नव्याने सांगायची गरज नव्हती.

करंज्या मी लाटल्या होत्या, तळल्या होत्या. सारण मात्र आक्कांचं होतं. दरवर्षी त्यांचंच असतं. खोबरं त्या स्वतः किसतात, स्वतः भाजतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

"समद्या खाल्ल्या?" त्यांनी विचारलं.

"समद्या."

"खवट व्हतं तरी?"

"हाव."

मी आत जाऊन ताटली आणली आणि त्यांच्याजवळ ठेवली, काही न बोलता. बोलले असते तर त्यांनी पुन्हा कुठला तरी वार काढला असता. थोड्या वेळाने त्यांनी अर्धा लाडू उचलला, बोटांनी दाबून बघितला आणि तोंडात घातला. दात खरंच दुखत होता की काय कोण जाणे, सावकाश चावत होत्या.

"पाक कडक झाला हाय," शेवटी म्हणाल्या. "गूळ जरा आधी उतरवायला पायजे व्हता बाईनं."

"फोन चालू हाय अजून," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा त्यांना."

मला वाटलं, नाही म्हणतील. आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या, सुनेच्या खोलीत गेल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि तिच्या हातातून फोन घेऊन त्यांनी खरंच सांगितलं.